एकाच बाजूला फिरणारं कडं

एकदा एक घड्याळ पाण्यासाठी जन्माला आलं आणि पहिली चार वर्षं कोरडंच राहिलं.

होतं मोठं देखणं. जुन्या काळी समुद्राच्या तळाशी उतरणारे लोक जसं घड्याळ मनगटावर बांधत, हुबेहूब तसं. फुगीर काच, काळी तबकडी आणि तबकडीवरच्या खुणा मुद्दाम पिवळसर केलेल्या, जणू पन्नास वर्षांचं ऊन त्यांनी सोसलं आहे. प्रत्यक्षात सोसलं होतं ते दुकानातल्या दिव्याचं. माणसाची गंमत अशी की, तो स्वतःचे केस काळे करून घेतो आणि घड्याळ मात्र पिवळं करून मागतो. एका बंदरातल्या मासळीच्या व्यापाऱ्याने हे घड्याळ परदेशातून आणवलं होतं. त्याच्या किमतीत एक लहानशी होडी आली असती, असं गावात बोललं जाई. तीनशे मीटर खोल पाण्यातही ते चालेल, असं त्याच्या पाठीवर कोरलेलं होतं. शेट स्वतः गुडघाभर पाण्यापलीकडे कधी गेले नव्हते.

मग एका वादळी संध्याकाळी बंदराच्या तोंडाशी शेटच्या ट्रॉलरच्या, म्हणजे मासेमारीच्या मोठ्या बोटीच्या, तळाच्या पंख्यात जाळं गुरफटलं. लाटा ट्रॉलरला खडकाकडे ढकलू लागल्या. वर सात खलाशी होते आणि त्यांत शेटचा धाकटा भाऊ. साबाजी नावाचा एक पाणबुड्या पाठीला हवेची टाकी बांधून, हातात कोयता घेऊन खाली उतरला आणि जाळं कापूनच वर आला. आला तेव्हा टाकीतला वारा संपला होता आणि ओठ निळे पडले होते. किती वेळ खाली होतास, असं विचारल्यावर म्हणाला, "काय म्हायत! मनात मोजत होतंय, मधीच आकडो चुकलो."

शेटनी तिथेच धक्क्यावर आपल्या मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि त्याच्या हातात बांधलं. शेटबद्दल लोक बरंच काही बोलतात. पण हे त्यांनी केलं, आणि कोणी सांगितलं म्हणून केलं नाही.

त्याच बंदरात एक वृद्ध घड्याळजी होते. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांच्या हाताखाली हेमांगी नावाची एक तिशीतली स्त्री तीन वर्षं काम शिकत होती. ती घाटावरची. तिच्या गावात विहीर होती, तलावही होता. पण समुद्र तिने इथे आल्यावरच पाहिला. भिंतीवरची घड्याळं, गजराची घड्याळं, मनगटी घड्याळं तिच्या हातून निमूट चालू होत. हात हलका, नजर तीक्ष्ण. दोष एकच होता. कोणी "वा!" म्हटलं की तिला चार बोटं वर गेल्यासारखं होई, आणि कोणी नाक मुरडलं की दिवसभर अन्न गोड लागत नसे.

एके दिवशी नाना डोळे तपासून घ्यायला तालुक्याच्या गावी गेले. दुकान पहिल्यांदाच एकट्या हेमांगीवर होतं. आणि नेमके त्याच सकाळी साबाजी आणि शेट ते घड्याळ घेऊन आले.

त्या घड्याळाच्या काचेभोवती एक फिरतं कडं होतं आणि कड्यावर एक त्रिकोणी खूण. बुडी मारण्याआधी ती खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. मग काटा खुणेच्या पुढे जितका सरकेल तितकी मिनिटं पाण्यात झाली, असा साधा हिशेब; कड्याचं एक घर म्हणजे एक मिनिट. साबाजीची तक्रार त्या कड्याबद्दल होती.

"बाय, ह्या कडा एकाच बाजूक फिरता," तो म्हणाला. "माझी बोटां बघ कशी ताठ झाली हत. एक घर चुकला की सगळो फेरो परत मारूचो लागता. दोनूय बाजूंनी फिरात असा करून दी."

शेटनी दुजोरा दिला. "माझे आजोबा जहाजावर होते. त्यांच्या घड्याळाचं कडं दोन्ही बाजूंनी फिरायचं. हे जुन्यासारखं म्हणून घेतलं ना, मग पुरतं जुन्यासारखं करा. तुम्हाला जमेल का? की नाना येईपर्यंत थांबू?"

'जमेल का' हे दोन शब्द हेमांगीला पुरेसे झाले. साबाजीला ते घड्याळ दुसऱ्या दिवशी सकाळी हवंच होतं. धक्क्याजवळ एका मोठ्या बार्जच्या, म्हणजे सपाट मालवाहू बोटीच्या, पंख्याला दोर गुंडाळला होता आणि तो कापायला त्याला उतरायचं होतं. त्याच्या टाकीवरचा वारा दाखवणारा काटा कधीचा अडकून बसला होता. टाकी चाळीस मिनिटं पुरे. तीस झाली की वर निघायचं, हा त्याचा नेम. घड्याळ मिळेपर्यंत तो ती तीस मिनिटं मनात मोजत आला होता. आता ती घड्याळ मोजत होतं.

"चार वाजता या," हेमांगी म्हणाली. "करून ठेवते."

तिने कडं उचकटलं. खाली मिठाचा थर साचला होता, आणि एका खाचेत केसाएवढी बारीक, वाकडी स्प्रिंग होती. तीच कड्याला उलट फिरू देत नव्हती. हेमांगीने ती चिमट्याने काढली आणि तिच्या जागी एक साधी गोल स्प्रिंग बसवली. कडं आता दोन्ही बाजूंनी लोण्यातून सुरी जावी तसं फिरू लागलं. काढलेली स्प्रिंग तिने एका डबीत घातली आणि डबीवर साबाजीच्या नावाची चिठ्ठी लावली. नानांच्या दुकानाचा तो रिवाज होता: गिऱ्हाइकाच्या घड्याळातून निघालेला तुकडा, कितीही निकामी वाटला तरी, वर्षभर टाकायचा नाही.

बाराच्या सुमारास नाना परतले. हेमांगीने मोठ्या उत्साहाने घड्याळ त्यांच्यापुढे धरलं आणि घडलेलं सगळं सांगितलं. नानांनी कडं उजवीकडे फिरवलं, मग डावीकडे. पुन्हा उजवीकडे. ती "वा!" ची वाट पाहत उभी राहिली.

"जेवलीस का?" नानांनी विचारलं.

"नाही अजून."

"मग दोघांपुरता भात टाक. हेच घड्याळ लाव. वीस मिनिटं झाली की उतरव. पण एक अट आहे. झाकण उघडायचं नाही, डोकावायचं नाही. घड्याळ सांगेल तेच खरं."

हेमांगी मनातून खट्टू झाली. तरी दुकानामागच्या खोलीत तिने शेगडीवर पातेलं चढवलं, कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणली आणि घड्याळ बाहेर कामाच्या मेजावर ठेवलं. एवढ्यात नानांनी तिला शेजारच्या दुकानातून वर्तमानपत्र आणायला धाडलं. ती आली आणि कामाला बसली.

थोड्या वेळाने मागच्या खोलीतून वास येऊ लागला.

"नाना, भात लागतोय बहुतेक."

"घड्याळ काय म्हणतं?"

तिने पाहिलं. "अकरा मिनिटं झालीत."

"मग बस की. नऊ आहेत अजून."

ती बसली, पण बसवेना. वासाचा करपट झाला, करपटाचा धूर झाला. तीन वेळा ती उठली आणि तिन्ही वेळा नानांनी वर न पाहता तोच प्रश्न विचारला. म्हाताऱ्याचे डोळे तपासले, डोकं तपासायचं राहिलं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. अखेर घड्याळात वीस मिनिटं झाली तेव्हा ती धावत आत गेली. पातेल्याच्या बुडाशी काळा कोळसा, आणि वरच्या शितांनाही जळका वास. ते पातेलं घेऊन ती नानांपुढे उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"हा आता खाता येईल असा करता येईल का?" नानांनी शांतपणे विचारलं.

"करपलेल्या भाताचं काय करता येणार? फेकायचा."

"बरं. आता ती डबीतली स्प्रिंग होती तशी परत बसव. आणि दुसरा भात टाक."

हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळचं सगळं काम मोडायचं, तेही कारण न सांगता! पण गुरूला उलट विचारायची तिला सवय नव्हती. तिने कडं पुन्हा उचकटलं, गोल स्प्रिंग काढली, जुनी वाकडी स्प्रिंग तिच्या खाचेत बसवली. मग दुसरं पातेलं चढवलं आणि खूण काट्यासमोर आणली.

या वेळी नानांनी तिला कुठे धाडलं नाही. ती समोर बसलेली असतानाच त्यांनी आपला अंगठा कड्यावर टेकवला.

"मघाशी तू वर्तमानपत्र आणायला गेलीस तेव्हा मी हे कडं दहा घरं पुढे सरकवलं होतं," ते म्हणाले. "आता बघ."

त्यांनी कडं पुढे ढकलून पाहिलं. ते हललं नाही. जोर लावला, तरी नाही. मग त्यांनी ते दुसऱ्या बाजूला ढकललं. टक, टक, टक करत ते दहा घरं मागे गेलं.

"आता घड्याळ सांगेल तसंच कर."

घड्याळात वीस मिनिटं झाली तेव्हा खरी दहाच झाली होती. हेमांगीने पातेलं उतरवलं, झाकण काढलं आणि एक शीत बोटांनी दाबून पाहिलं.

"कच्चा आहे."

"मग आता?"

"आता काय, थोडं पाणी घालून आणखी दहा मिनिटं ठेवला की..."

ती बोलता बोलता थांबली. झाकण तिच्या हातातच राहिलं. मेजावर ते पिवळसर खुणांचं घड्याळ पडलं होतं, आणि आज चार वाजता ते कोणाच्या मनगटावर जाणार होतं, हे तिला एकाएकी आठवलं. बार्जच्या तळाशी, गढूळ पाण्यात, कोयता चालवताना साबाजीचा हात कुठेतरी आपटला असता. कडं पुढे सरकलं असतं. तीस मिनिटं झालेली असताना घड्याळाने वीस दाखवली असती, आणि तो मुकाट्याने दोर कापत राहिला असता. खाली भात करपल्याचा वास येत नाही. तिने झाकण खाली ठेवलं आणि ती तिथेच जमिनीवर बसली.

नानाही तिच्यासमोर पाटावर टेकले.

"ज्यांनी हे घडवलं," ते म्हणाले, "त्यांना ठाऊक होतं की पाण्यात धक्के लागणार, कडं सरकणार. ते थांबवणं त्यांच्या हाती नव्हतं. सरकलंच तर कुठल्या बाजूला सरकावं, एवढंच त्यांच्या हाती होतं. म्हणून त्यांनी ते असं केलं की, चुकलं तर माणूस लवकर वर येईल. उशिरा येणार नाही. लवकर आलेला पुन्हा उतरू शकतो."

ते पुढे म्हणाले, "शेट म्हणाले तेही खोटं नाही. जुनी कडी दोन्ही बाजूंनी फिरत. तसलं एक घड्याळ मीच दुरुस्त करून दिलं होतं. तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हा. कामात तसूभर खोट नव्हती. तो माणूस वर आला, पण उशिरा आला. फार वेळ खाली राहिल्याचं पायांवर आलं, पुढे जन्मभर काठीशिवाय चालू शकला नाही. नव्या कारागिरांनी जुन्याची काच घेतली, रंग घेतला, सारं रूप घेतलं. एवढी एक गोष्ट मात्र घेतली नाही. ती बारीक स्प्रिंग म्हणजे अशा कितीकांच्या दुःखातून आलेलं शहाणपण आहे, पोरी. आज सकाळी तू तेच चिमट्याने काढून ठेवलंस."

हेमांगी म्हणाली, "मी या कामाची नाही, नाना. माझ्या हातून एक माणूस जाणार होता, आणि मी कौतुकाची वाट बघत उभी होते."

"कधीच चुकणार नाही असा शिष्य शोधत बसलो असतो, तर माझी विद्या माझ्याबरोबरच गेली असती," नाना म्हणाले. "मला एक सांग. ती वाकडी स्प्रिंग तुला निकामी वाटली होती ना?"

"हो."

"मग टाकली का नाहीस?"

"आपला रिवाज आहे म्हणून. डबीत ठेवली."

"म्हणजे चुकतानासुद्धा परत फिरायची वाट तू ठेवली होतीस. अगं, तुझं कडं बरोबर बाजूलाच फिरतं. ऊठ. भात शिजायला ठेव, भूक लागली आहे."

त्या दिवशी दोघांनी दोनदा शेगडीवर चढलेला भात खाल्ला. नंतर हेमांगीने कडं आणखी एकदा उघडलं, त्याखालचा मिठाचा थर ब्रशने स्वच्छ काढला, तेलाचा एक थेंब दिला. कडं फिरायचं एकाच बाजूला, पण आता नुसत्या बोटाच्या टोकाने फिरायचं.

चार वाजता साबाजी आला. कडं फिरवून पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ह्या काय गो? ह्या तर होता तसाच आसा!"

सकाळची हेमांगी असती तर तिने नजर चोरली असती, किंवा नानांकडे बोट दाखवलं असतं. नाना तर पाठमोरे बसून कसलंसं चाक पुसत होते, जणू त्यांना ऐकूच येत नाही. ती उठून साबाजीसमोर आली.

"सकाळी मी ते दोन्ही बाजूंनी फिरेल असं केलं होतं, साबाजीकाका. ती माझी चूक होती. म्हणून परत पहिल्यासारखं केलंय."

"घड्याळ माझा आसा. माका व्हया तसा करून दी."

"घड्याळ तुमचंच आहे. पण तसं माझ्या हातून होणार नाही." तिने कड्यावर बोट ठेवलं. "पाण्यात हात आपटला आणि हे पुढे सरकलं, तर तुम्हाला वाटेल अजून वेळ आहे. आणि वेळ नसेल. एक घर चुकलं तर पुरता फेरा मारा, काका. धक्क्यावर उभं असताना कसली घाई आहे तुम्हाला?"

साबाजीने तिच्याकडे रोखून पाहिलं. काहीतरी पुटपुटला, घड्याळ मनगटावर बांधलं आणि निघून गेला. "वा!" सोडाच, साधं "येतंय" सुद्धा म्हणाला नाही. हेमांगीला वाईट वाटलं, पण रात्रीचं जेवण तिला गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिचं कामात लक्ष नव्हतं. नऊ वाजले, दहा वाजले. धक्क्याकडून कोणी धावत येतंय का, हे ती दर पाच मिनिटांनी दारात येऊन पाही. नानांनी एकच गजराचं घड्याळ तीनदा उघडलं आणि तीनदा बंद केलं.

अकराच्या सुमाराला दारात पाणी निथळत साबाजी उभा राहिला. तोंडावर मूर्तिमंत राग.

"तुझ्या ह्या घड्याळान माका फसवल्यान गो! दोर कापताना हात पंख्यावर आपटलो. मगे बघतंय तर तीस मिन्टां झाली. वर इलंय. वर येवन धक्क्यावरच्या घड्याळात बघतंय तर बावीसच झाली होती! टाकीत वारो तसोच. परत खाली जावचा लागला. दोन खेपो मारूक लावल्यान माका!"

हेमांगीने त्याचा ओला हात आपल्या हातात घेतला. घड्याळाच्या कडेला नवा ओरखडा होता. पंखा तिथेच लागला होता. आठ मिनिटं सरकलं होतं कडं. ज्या एका बाजूला सरकू शकत होतं, त्याच बाजूला. तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. तक्रार ऐकून इतका आनंद तिला आजवर कुठल्या शाबासकीने झाला नव्हता.

"हसतस काय?" साबाजी चिडून म्हणाला. "भूक लागली माका. दोन खेपो झाल्यो."

मग त्याचं लक्ष आपल्या हाताकडे गेलं, त्या ओरखड्याकडे. त्याने कडं बोटाने पुढे ढकलून पाहिलं. ते हललं नाही. त्याच्या कपड्यांतून गळणारं पाणी उंबऱ्यावरून आत आलं. बुडी मारणाऱ्या माणसाला आठ मिनिटं म्हणजे काय, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"असू दी," तो हळू आवाजात म्हणाला. "एकाच बाजून फिरता ताच बरा."

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. "हेमांगी," ते म्हणाले, "तिघांपुरता भात टाक. साबाजी जेवून जाईल."

आपणही रोज कुठे ना कुठे आपटतो, आणि आपलं कडं सरकतंच. ते कुठल्या बाजूला सरकेल, एवढं मात्र पाण्यात उतरण्याआधी ठरवून ठेवता येतं.